कादंबरीकाकांच्या नावावरच्या अकरा ओळी

कादंबरीकाकांच्या खोलीत रोज पहाटे दोन बायका कडाकडा भांडायच्या, आणि त्या खोलीत बाई एकही नव्हती. लालबागच्या आमच्या चाळीत नव्याने राहायला येणाऱ्याला पहिल्या आठवड्यात हा धक्का ठरलेला. भिंतीपलीकडून एक बाई म्हणायची, "तुझ्या भावाला सांग, पुढच्या खेपेला ट्रंक घेऊन यायचं नाही." दुसरी तिच्यावर आवाज चढवायची. मग दोघी एकदम गप्प व्हायच्या आणि एक पुरुषी आवाज स्वतःशीच पुटपुटायचा, "छे, ही एवढं बोलणार नाही. ही उठून मोरीत जाईल आणि भांडी आपटेल." त्यानंतर बराच वेळ कागदावर टाकाची करकर चालायची.

माझं लग्न झालं तेव्हा चौथ्या दिवशी शालिनी, म्हणजे माझी बायको, मला म्हणाली, "अहो, शेजारच्या त्या बायका कधी दिसत कशा नाहीत?" मी तिला गॅलरीत नेऊन काकांची खोली दाखवली. धोतर, बनियन, नाकावर घसरलेला चष्मा, समोर उतरतं डेस्क आणि त्यामागे मांडी घालून बसलेले पन्नाशीचे एकटे काका. तिला पाहून त्यांनी चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "सूनबाई, बरं झालं आलीस. नवऱ्यावर रागावलेली बाई आमटीत मीठ जास्त घालते की कमी?" शालिनी नवी नवरी. पदर सावरत ती म्हणाली, "घालायचंच विसरते." काकांनी ते तिथल्या तिथे लिहून घेतलं.

काका एका गिरणीच्या टाइम ऑफिसात हजेरीचे कारकून होते. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. पहाटे नळाला पाणी आलं की उठायचे, दोन बादल्या भरायच्या, बिनसाखरेचा चहा करायचा आणि आठच्या भोंग्याआधी जितकं होईल तितकं लिहायचं, हा त्यांचा नेम. मग काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, हातात छत्री, की निघाले गिरणीकडे. दिवसभर खिडकीआड बसून हजारभर माणसांचे चेहरे एकेक करून पाहायचे. "माझ्याइतकी माणसं देवळातला पुजारीसुद्धा बघत नसेल," असं म्हणायचे. आणि ते खरंही होतं, कारण त्यांच्या कथांतली माणसं आम्हाला जिन्यावर भेटल्यासारखी वाटायची. दादरच्या एका मासिकात त्यांची कादंबरी महिन्याच्या महिन्याला हप्त्याने येई. त्यावरूनच चाळीने त्यांना हे नाव ठेवलं होतं. खरं नाव फक्त मासिकात छापलेलं असायचं.

ते मासिक गिरगावात ज्या छापखान्यात छापलं जाई, तिथे मी जुळारी होतो. आता ते कामही गेलं आणि शब्दही गेला, म्हणून सांगतो. लाकडी खणांतून शिशाचे खिळे, म्हणजे एकेक उलटं अक्षर, बोटांनी उचलून ओळ जुळवणारा तो जुळारी. काकांचं अक्षर छापखान्यात माझ्याशिवाय कोणाला लागत नसे. ते जितकं लिहीत त्याच्या दुप्पट खोडत, आणि खोडलेलं पुन्हा हवंसं वाटलं की त्याच्याखाली टिंबं देत. दुसरे जुळारी ती प्रत पाहून डोक्याला हात लावायचे. मला मात्र त्या खोडाखोडीतूनच लिहिणं म्हणजे काय ते कळत गेलं. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं माझं सगळं शिक्षण काकांच्या खोडलेल्या ओळी वाचून झालं.

त्यांची एक लांबट वही होती. तिच्यात त्यांच्या कादंबरीतली माणसं त्या त्या दिवशी काय जेवली ते लिहिलेलं असायचं. कादंबरीत त्यातलं काही येत नसे. मी एकदा विचारलं, "काका, छापायचं नाही तर लिहायचं कशाला?" ते म्हणाले, "अरे वसंता, उपाशी माणसाला राग वेगळा येतो आणि बांगड्याचं सार भुरकलेल्याला वेगळा. मला आधी माहीत नको?" दुसरी गोष्ट म्हणजे, वाक्य फार छान उतरलं की ते अस्वस्थ व्हायचे. दोनदा मोठ्याने वाचायचे आणि मग आडवी रेघ ओढायचे. "हे माझं झालं, त्याचं नाही," एवढंच म्हणायचे. माझा जीव तुटायचा. मला ती छान वाक्यंच आवडायची. मी ती खोडलेली वाक्यं एका कागदावर उतरवून ठेवायचो, आणि कधीतरी आपणही असं लिहू असं मनात म्हणायचो.

काकांच्या कागदांना उंदीर लागले होते. गिरणीतल्या एका विणकराने गावाहून येताना त्यावर उपाय म्हणून मुंगसाचं पिल्लू आणून दिलं. ओंजळीत मावेल एवढं, राखाडी, गुंजेएवढ्या डोळ्यांचं. काकांनी त्याचं नाव मुंग्या ठेवलं. उंदीर महिनाभरात नाहीसे झाले आणि कागदांची खरी दुर्दशा सुरू झाली. मुंगूस अंडं फोडतं कसं, तर दगडाकडे पाठ करून उभं राहतं आणि मागच्या दोन पायांमधून अंडं त्यावर फेकतं. मुंग्याने पहिल्याच आठवड्यात काकांची शाईची दौत अंडं समजून भिंतीवर फोडली. मग साबणाची वडी, चष्म्याचं घर, काकूंच्या वेळची हळदीकुंकवाची डबी. एका हप्त्याची प्रत निळ्या पावलांच्या ठशांसकट माझ्याकडे आली, आणि संपादकांनी काकांना कार्ड टाकलं, की पुढील मजकूर कृपया मुंगसास न दाखवता पाठवावा. काकांनी ते कार्ड डेस्कच्या वर खिळ्याला अडकवून ठेवलं.

सकाळी मासळी घेऊन येणाऱ्या कोळणीशी तर त्याचं उघड वैर. ती जिना चढून पाटी खाली ठेवते न ठेवते तोच मुंग्या पाटीत. "अरे लेखकबाबा, तुजा ह्यो चोर माजी कोलंबी घेऊन पलाला!" ती ओरडायची. काका बाहेर येऊन गंभीरपणे विचारायचे, "किती नेली?" ती म्हणायची, "मोजाया थांबला व्हता का तो?" काका हसत हसत तिची अर्धी कोलंबी घ्यायचे, आणि ती जाताना तोंडाने शिव्या देत मुंग्यापुढे एखादी मांदेली टाकून जायची.

लिहिताना मुंग्या त्यांच्या मांडीवर गोल होऊन झोपायचा. तो उठेपर्यंत काका उठत नसत. पाय बधिर झाले की मला हाक मारायचे, "वसंता, जरा ही दौत सरकव रे, सरकार झोपलेत."

त्या वर्षांत जी कादंबरी चालू होती तिला आम्ही शिवरामची कादंबरी म्हणायचो. शिवराम हा एक गिरणी कामगार, जन्माचा गप्प माणूस. थोरला भाऊ गावची जमीन बळकावतो, मुकादम पाळी बदलतो, सासरा चारचौघांत बोलतो, आणि हा मान खाली घालून "बरं" म्हणतो. सोळा हप्ते झाले तरी शिवराम "बरं"च्या पुढे गेला नव्हता. मासिकाला वाचकांची पत्रं यायची, ह्या बावळटाला एकदा तरी बोलू द्या म्हणून. संपादकही कुरकुरू लागले होते. काका म्हणायचे, "येईल, येईल. घाई केली तर तो पळून जाईल." तो कुठे चालला आहे ते त्यांनी मला सांगितलं नव्हतं. मीही त्या वाचकांतलाच एक होतो. मलाही त्या शिवरामचा राग यायचा.

कारण बाहेर तेव्हा कोणीच गप्प नव्हतं. मुंबई महाराष्ट्रापासून तोडणार अशी बातमी आली आणि लालबाग-परळ पेटून उठलं. रोज सभा, रोज मोर्चा. मी छापखान्यातून सुटलो की सरळ सभेला. चळवळीची पत्रकं मी स्वतः जुळवायचो, कामाचे तास संपल्यावर, हौसेने. काका सभांना यायचे, पण मैदानाच्या कडेला उभे राहायचे आणि भाषणापेक्षा ऐकणाऱ्यांकडे बघत बसायचे. मला त्याचा संताप यायचा. एकदा मी बोललोच, "काका, लोक छातीवर गोळ्या झेलायला निघालेत आणि तुमचा शिवराम अजून मुकादमाला 'बरं' म्हणतोय." ते रागावले नाहीत. म्हणाले, "निघालेत त्यांच्यात शिवराम असेल ना रे. तो कसा निघाला, तेच तर बघतोय मी." मला वाटलं, म्हातारा पळवाट काढतोय.

मग गोळीबाराचे दिवस आले. सतराव्या हप्त्याची प्रत काकांनी मला सकाळी निघताना हातात दिली. एरवी ते मुद्रितं, म्हणजे छापण्याआधीचे चुका तपासायचे कच्चे कागद, वाचायला स्वतः गिरगावात यायचे. त्या दिवशी म्हणाले, "मला यायला जमेलसं दिसत नाही. तूच बघून घे. माझं अक्षर आता माझ्यापेक्षा तुलाच जास्त लागतं." मी गिरगावात पोचलो आणि दुपारपर्यंत संचारबंदी लागली. तीन दिवस मी छापखान्यातच अडकून पडलो.

आमच्या मशीनवर नामदेव नावाचा पोरगेला माणूस होता. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, गाणी म्हणत मशीन चालवणारा. दुसऱ्या दिवशी दोन तासांसाठी संचारबंदी उठली तेव्हा तो जेवायला घरी जाऊन येतो म्हणाला. त्याचं घर चार गल्ल्यांपलीकडे. नाक्यावर दगडफेक झाली, गोळीबार झाला, आणि नामदेव गेला. तो मोर्चात नव्हता, कशातच नव्हता. त्याचा शाईने माखलेला रुमाल मशीनच्या दांड्याला तसाच लटकत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी काकांचा हप्ता जुळवून संपवला. शिवराम गिरणीच्या फाटकापाशी उभा आहे, भोवती माणसं घोषणा देताहेत, मुकादम त्याला "आत चल" म्हणतो, आणि शिवराम चपलेचा तुटलेला अंगठा बघत उभा राहतो, तिथे हप्ता संपत होता. त्या पानावरची एक जाहिरात आयत्या वेळी रद्द झाली होती. पानात बरोबर अकरा ओळींची जागा उरली. अशा जागी आम्ही वेलबुट्टीचा ठोकळा बसवत असू. मी ठोकळा हातात घेतला. समोर तो रुमाल. मी ठोकळा ठेवून दिला आणि खिळे उचलू लागलो. कागदावर काही लिहिलं नाही. शिवरामने मान वर केली आणि तो बोलू लागला: "बंधूंनो, ही मुंबई आमच्या घामाने उभी राहिली आहे. ती आमच्यापासून तोडायची असेल, तर आधी आमचे हात तोडा!" पुढच्या नऊ ओळी त्याहून चढत्या. जुळवताना मी रडत होतो. इतकी सरळ, न अडखळता आलेली वाक्यं मी आयुष्यात पहिल्यांदा केली होती. मुद्रित तपासणारा मीच होतो. मी खाली सही केली आणि जुळवलेल्या पानांचा बांधलेला फर्मा मशीनवर गेला.

अंक निघाला आणि आठवड्याभरात त्या ओळी भिंतींवर गेरूने लिहिलेल्या दिसू लागल्या. परळच्या मैदानात एका सभेत कोणीतरी त्या वाचून दाखवल्या, तेव्हा टाळ्या थांबेनात. माणसं काकांना शोधत चाळीत आली. मी गॅलरीतच होतो. काकांनी त्याआधी अंक पाहिला होता. माझ्यासमोरच त्यांनी शेवटचं पान उघडलं, वाचलं, मिटलं, परत उघडलं. माझ्याकडे पाहिलं नाही. मी काही बोलणार तोच जिन्यावरून पोरं आली, त्यांनी काकांच्या गळ्यात हार घातला आणि त्यांना खांद्यावर उचलून खाली नेलं. चौकात त्यांना बोलायचा आग्रह झाला. काका म्हणाले, "मी बोलणारा माणूस नाही." लोकांना तो विनय वाटला. त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या. मी त्या गर्दीत उभा राहून टाळ्या वाजवत होतो आणि माझी छाती फुगली होती. खरं तेच सांगतो.

पंधरा दिवसांनी सकाळी पोलीस आले. मासिकातला मजकूर प्रक्षोभक आहे म्हणाले. डेस्क उलटंपालटं केलं. त्यातल्या अधिकाऱ्याने विचारलं, "मूळ हस्तलिखित कुठाय?"

"मुंगसाने खाल्लं," काका म्हणाले. अधिकाऱ्याने डेस्कवर बसलेल्या मुंग्याकडे पाहिलं. मुंग्या त्याच्या बुटाची नाडी सोडवायला खाली उतरला.

"हे लिहिलंय ते तुमचंच?"

"खाली नाव कोणाचं आहे?"

मी दारात उभा होतो. कडेवर आमची सहा महिन्यांची मुलगी होती. हस्तलिखित छापखान्यात माझ्या खणात होतं. त्यात त्या ओळी नाहीत, हे दाखवून काका सुटले असते. मला एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, ते मी जुळवलं. मी मुलीला ह्या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि दारातून बाजूला झालो. काकांनी कोट घातला, टोपी घातली आणि जाता जाता मला म्हणाले, "वसंता, मोरीच्या भोकाला वीट लावून ठेव. आणि ह्याला अंडं उकडून देऊ नका, कच्चंच द्या." बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी मी छापखान्यात जाऊन ते हस्तलिखित शेगडीत घातलं. भीतीने. त्या ओळी काकांच्या नव्हत्या, ह्याचा जगातला एकुलता एक पुरावा मी माझ्या हाताने जाळला.

काका पाच आठवडे तुरुंगात होते. मुंग्याला शालिनी सांभाळायची. पहिले काही दिवस तो काकांच्या खोलीत जाऊन डेस्कचा कोपरान् कोपरा हुंगायचा, मग आमच्याकडे येऊन शालिनीच्या पायाशी बसायचा. त्याने काही फोडलं नाही, काही पळवलं नाही. कोळीण पाटी घेऊन आली तरी जागचा हलला नाही. तिने स्वतःहून त्याच्यापुढे कोलंबी टाकली आणि म्हणाली, "खा रं बाबा, येल तुजा धनी." एके दिवशी मोरी तुंबली म्हणून मी वीट काढली आणि परत लावायची विसरलो. त्याच दुपारी खाली रस्त्यावर अश्रुधूर सोडला. धूर जिन्यातून वर चढला, सगळे दारं-खिडक्या लावत सुटले. धूर निवल्यावर पाहतो तो मुंग्या नाही. गिरणीच्या मागच्या भिंतीला झुडपं होती, तिथे मी आठ दिवस अंडं घेऊन फिरलो. एकदा काहीतरी राखाडी पळताना दिसलं. ते मुंगूस होतं की उंदीर, सांगता येणार नाही.

काका सुटून आले तेव्हा वाळले होते. मोरीकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि विषय काढला नाही. गिरणीने तोवर त्यांना कमी केलं होतं, विनापरवानगी गैरहजर राहिले म्हणून. सव्वीस वर्षं दुसऱ्यांची हजेरी मांडणाऱ्या माणसाला त्यांनी गैरहजेरीवर काढलं. काका त्यावर नुसते हसले. पण पहाटे भिंतीपलीकडून बायकांचं भांडण आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. शालिनीला मी एव्हाना सगळं सांगितलं होतं. ती मला म्हणाली, "जा. आता तरी जा."

मी गेलो. ते डेस्कपुढे नव्हते, खिडकीत बसून तांदूळ निवडत होते. मी म्हणालो, "काका, त्या अकरा ओळी..."

"तुझ्या आहेत. माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"पहिल्या शब्दापासून. 'बंधूंनो' असं शिवराम म्हणेल का रे? सख्खा भाऊ समोर उभा असला तरी त्याला हाक मारता येत नाही."

मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले. "मग पोलिसांना सांगितलं का नाही?" मी विचारलं. "माझी पोर लहान म्हणून?"

त्यांनी तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "तेही होतंच," ते म्हणाले. "पण खरं सांगू? पोरांनी मला खांद्यावर घेतलं तेव्हा मी खाली उतरवा म्हणालो नाही. तीस वर्षं लिहितोय, असं कधी झालं नव्हतं. बरं वाटलं मला. हार गळ्यात घेताना माझं म्हणून घेतलं, मग बेडी पडताना तुझं आहे कसं म्हणू?"

"आपण पुढच्या अंकात खुलासा छापू. मी संपादकांना सांगतो."

"काय छापणार? शिवराम असं काही बोललाच नाही? तुमचा नामदेव ज्या आठवड्यात गेला, त्या आठवड्यात? पोरांनी भिंतींवर लिहिलंय ते. त्यांच्या तोंडातून काढून घेऊ?"

"मग पुढचं तरी लिहा. लोक वाट बघताहेत."

तेव्हा त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "वसंता, सतरा हप्ते मी त्या माणसाला एका शब्दापर्यंत घेऊन चाललो होतो. मुकादम 'आत चल' म्हणतो आणि शिवराम 'नाही' म्हणतो. बस, एवढंच. हळूच. शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही इतकं. पुढच्या हप्त्यात तो ते म्हणणार होता. आता तो इतकं बोलून बसलाय, की त्याच्या 'नाही'ला अर्थ काय राहिला?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "वाक्यं वाईट नव्हती रे तुझी," असंही म्हणाले. मला ते जास्त लागलं.

कादंबरी तिथेच थांबली. संपादकांना त्यांनी प्रकृतीचं कारण कळवलं. वर्षभराने खोली सोडून ते गावी पुतण्याकडे गेले. सामान फार नव्हतं. डेस्क ते मला देऊ लागले, मी नको म्हणालो. घ्यायला पाहिजे होतं, निदान त्यांच्या हातून काही घेतलं असतं. एस.टी.च्या गाडीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून विचारलं, "लिहितोस का काही?" मी मान हलवली, नाही म्हणून. "लिही," ते म्हणाले, "पण आधी तो काय जेवलाय ते बघून घेत जा." गाडी सुटली.

महाराष्ट्राचं राज्य झालं तेव्हा लालबागमध्ये घरोघर गोड केलं. मी काकांना पत्र टाकलं. त्यांचं कार्ड आलं, की फार आनंद झाला, आज नामदेवची आठवण आली, शालिनीला आशीर्वाद. नामदेवला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. त्यानंतर आणखी एक कार्ड आलं, आणि मग पुतण्याचं पत्र, काका गेले म्हणून. त्यांचं एकही पुस्तक निघालं नाही.

पुढे पंचवीसेक वर्षांनी परळच्या एका सभागृहात चळवळीच्या आठवणींचा कार्यक्रम होता. मी आणि शालिनी गेलो होतो. एका कॉलेजातल्या मुलीने व्यासपीठावर येऊन त्या अकरा ओळी म्हटल्या. काकांचं खरं नाव घेऊन सूत्रसंचालक म्हणाला, की गिरणगावाच्या ह्या धगधगत्या लेखणीला आपण विसरलो. तीस वर्षं एकेक शब्द खोडत लिहिणाऱ्या माणसाचं जगाकडे उरलेलं लेखन तेवढंच होतं, आणि ते माझं होतं. शालिनीने माझा हात दाबला. "उठा," ती हळूच म्हणाली, "सांगा." मी उठलो नाही. कार्यक्रम संपल्यावर त्या मुलीला गाठून फक्त एवढंच म्हणालो, की मी त्यांचा शेजारी होतो, माझ्याकडे त्यांच्या कादंबरीचे सगळे अंक आहेत, वाचायचे असतील तर घेऊन जा.

ती खरंच आली. सतरा अंक पिशवीत घालून घेऊन गेली. मला वाटलं, चार पानं वाचून कंटाळेल. आठ दिवसांनी ती अंक परत घेऊन आली आणि दारातच म्हणाली, "आजोबा, हा शिवराम म्हणजे आमचे बाबाच आहेत. गिरणी बंद पडल्यापासून ते असेच बसतात. कोणी काही बोललं की 'बरं' म्हणतात. मला त्यांचा राग यायचा. हे वाचल्यापासून मी त्यांच्याजवळ जाऊन बसते." मग तिने शेवटचा अंक काढला आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं. "पण एक कळत नाही. ह्या ओळी मी पाठ केल्या होत्या, मला फार आवडायच्या. आता पहिल्यापासून वाचत आले तर वाटलं, इथे हा माणूस असं बोलायला नको होता. हे मधेच कोण बोलायला लागलं?"

शालिनी चहा ठेवायला उठली होती, ती तिथेच थांबली. मी त्या मुलीला म्हटलं, "बस बाळ, सांगतो."